अँगलचा अंगरखा

मासे घ्यायला दुकानात गेलेला माणूस मासे निवडण्यात तासभर घालवतो. टाकी निवडायला पंधरा मिनिटं. आणि स्टँड? 'तो काय, तिकडचा एक द्या.' मीही असाच एक उचलून आणला होता. एक इंची अँगल वेल्डिंग करून जोडलेला, वर काळा रंग फासलेला, खालच्या फळीवर हवेचा पंप, वायरींचं जंजाळ, माशांच्या खाद्याचा डबा आणि टाकी साफ करायची लाल बादली. वर पाण्यात केशरी स्वॉर्डटेल डौलात फिरायचा आणि खाली हा सगळा पसारा. आई गावाहून आली तेव्हा चहा पिता पिता बघत राहिली आणि म्हणाली, "मासे गोड आहेत रे, पण त्याला काही नेसव तरी. नुसता उघडाबोडका उभा आहे."

मग तिनेच तिची जुनी सुती साडी काढून दिली. मी स्प्रिंगची तार ओढून स्टँडला तीन बाजूंनी पडदा केला. दोन महिने छान दिसला. टाकीचं पाणी बदलताना चार थेंब सांडणारच. दिव्याची वात तेल चढवते तसं ते पाणी सुताने शोषून घेतलं आणि पडद्याची वरची किनार कायम ओलसर राहू लागली. ती ओल थेट अँगलला टेकलेली. पावसाळा संपता संपता साडीवर तांबूस डाग उमटले, पडदा बाजूला करून पाहिलं तर आतल्या कडेला गंजाचे पोपडे सुटलेले.

दुसऱ्या खेपेला मी हट्टाने उलट टोक गाठलं. पार्टिकल बोर्डाच्या फळ्या आणल्या, अँगलला भोकं पाडली आणि स्क्रूने चारही बाजू पक्क्या बंद केल्या. वर्षभरात रोज पुसल्या जाणाऱ्या लादीचं पाणी पिऊन फळ्यांची खालची कड खारीच्या बिस्किटासारखी फुलली. त्या काढायच्या तर टाकी हलवावी लागणार!

या दोन फजित्यांतून शिकलो ती गोष्ट एकच. स्टँडला दोन कामं असतात, ओझं वाहायचं आणि मिरवायचं. ती दोन वेगवेगळ्यांकडे सोपवावीत. ओझं लोखंडाने वाहावं. मिरवणाऱ्याने ओझ्याला हात लावू नये, जमिनीला पाय लावू नये आणि हवं तेव्हा अंगावरून उतरावं. म्हणजे अँगलला हवा अंगरखा, चिलखत नव्हे.

आधी ओझं

सजावटीला हात घालण्यापूर्वी स्टँड काय उचलून उभा आहे ते बघावं. पाण्याचा हिशेब सोपा असतो, १ लिटर म्हणजे १ किलो. घरोघरी दिसणारी टाकी २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच. म्हणजे २ घनफूट. एका घनफुटात साधारण २८.३ लिटर पाणी मावतं, तेव्हा काठोकाठ ५६ आणि वापरात ५० लिटर धरू. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. त्या हिशेबाने ५ मिलिमीटर काचेची ही टाकी रिकामी असताना ९ किलोंच्या घरात जाते. तळाची खडी आठ-दहा किलो. सगळं मिळून ७० किलो, म्हणजे चांगला धडधाकट माणूस झाला.

आता ३ फूट बाय दीड फूट बाय दीड फूट घ्या. लांबी फक्त दीडपट झाली, पण घनफळ पावणेसात घनफूट, म्हणजे १९१ लिटर. जाड काच आणि खडी धरून वजन सव्वादोनशे किलोंच्या पुढे जातं. तीन माणसं एकमेकांना चिकटून रात्रंदिवस एकाच जागी उभी आहेत असं समजा. म्हणून मोठी टाकी खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत ठेवावी, जिथे स्लॅबला खालून तुळईचा किंवा भिंतीचा आधार असतो.

नुसत्या लाकडी फळ्यांच्या कपाटावर टाकी ठेवायला माझा विरोध का, याचं कारणही इथेच आहे. लाकूड एका दिवसात तुटत नाही. सतत ओझं असेल तर हळूहळू लवतं. पुस्तकांच्या लांब फळीला मधे झोळ येतो तसंच. पुस्तकांना झोळ चालतो, काचेला चालत नाही. नेहमीच्या तापमानाला लोखंड असं लवत नाही, म्हणून दुकानातला तो कुरूप अँगलच खरा कामाचा.

त्याची एक परीक्षा मात्र घ्यायची. टाकी नसताना स्टँडचा वरचा कोपरा धरून बाजूला हलवा. झुलला तर समजा, चौकोन तिरका होऊ पाहतोय. चार काठ्यांचा चौकोन दाबला की कलतो, तीन काठ्यांचा त्रिकोण कलत नाही. गावाकडच्या छपराच्या कैच्या त्रिकोणी असतात त्या याचसाठी. वेल्डिंगवाल्याकडून मागच्या बाजूला एक तिरकी लोखंडी पट्टी मारून घेतली की झुलणं थांबतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते रंगाच्या आधीच करायला हवं.

दुसरी परीक्षा पातळीची. गवंड्याची पाणसळ मिळाली तर उत्तम. नाही तर टाकीत चार बोटं पाणी भरून चारही कोपऱ्यांत पट्टीने पाण्याची उंची मोजा. पाण्यासारखा सच्चा साक्षीदार दुसरा नाही. उंचीत फरक आला तर पाचर स्टँडच्या पायाखाली द्यायची, काचेखाली कधीही नाही. काच ओझ्याने क्वचित फुटते. एकाच बिंदूवर आलेल्या दाबाने फुटते. वेल्डिंगचा एक बारीक मणीही त्याला पुरतो. म्हणून अँगलवर आधी सपाट प्लायवूड, त्यावर थर्मोकोलचा अर्धा इंची तुकडा आणि मग टाकी. थर्मोकोल किंचित दबून खाचखळगे स्वतःत सामावून घेतो.

गंज, रंग आणि मासे

लोखंडाला गंजायला पाणी आणि प्राणवायू एवढंच पुरतं; मीठ असेल तर काम वेगाने होतं. समुद्राकाठच्या घरांना आणि टाकीत औषध म्हणून मीठ टाकणाऱ्यांना हा अनुभव असतोच. गंजाची आणखी एक खोड अशी की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे गंजावर रंग दिला तर आतला गंज फुगून रंगाला ढकलत बाहेर काढतो.

तेव्हा आधी तारेच्या ब्रशने पोपडे काढावेत. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, त्यानंतर १२० चा. वेल्डिंगचे सांधे आणि वरच्या अँगलची आतली बेचकी इथे खास लक्ष द्यावं, कारण सांडलेलं पाणी तिथेच थांबतं. टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून रेड ऑक्साइडचा एक हात आणि त्यावर ऑइल पेंटचे दोन पातळ हात. एक जाड हात दिला तर वरची साय वाळते आणि आतला रंग आठवडाभर मऊ राहतो. घरात जुना, वर्षानुवर्षं पडून असलेला डबा असेल तर तो मोह टाळा. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग एवढी कडक झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून.

हे काम मासे असलेल्या खोलीत करायचं नाही, आणि ते वासासाठी नव्हे. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. रंगाच्या, थिनरच्या वाफा आपल्याला खिडकी उघडून टाळता येतात. माशांच्या पाण्यात आपणच त्या पंपाने कालवत असतो. म्हणून स्टँड गच्चीवर किंवा गॅलरीत न्यावा, आणि रंग पुरता वाळून त्याचा वास जाईपर्यंत परत आणू नये.

तोवर मासे? मोठ्या टबात, टाकीतल्याच जुन्या पाण्यात, झाकण घालून. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊन 'आता स्वच्छ करूनच ठेवू' असं मात्र करू नका. माशांच्या विष्ठेतला आणि उरलेल्या खाद्यातला अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजातच राहतात. त्यांना ओल आणि हवा दोन्ही सतत लागतं, तेव्हा तो फिल्टर टबात चालूच ठेवायचा. पाणी नवं नि जिवाणू मेलेले, अशा टाकीत परत गेलेले मासे आठवड्यात मान टाकतात आणि दोष बिचाऱ्या रंगाला जातो.

मुहूर्तही महत्त्वाचा. पावसाळ्यात ऑइल पेंट वाळता वाळत नाही आणि लाकडाच्या पॉलिशवर पांढुरकी झाक धरते. दिवाळीच्या साफसफाईनंतर होळीपर्यंतचे कोरडे दिवस या कामाला बरे.

अंगरखा बेतताना

आता शिंप्याचं काम. स्टँड २४ इंच लांब, १२ इंच खोल आणि ३० इंच उंच आहे असं धरू. आपल्याला तीनच बाजू झाकायच्या आहेत, दोन कुशी आणि समोरचं अंग. मागची बाजू भिंतीकडे असते. ती उघडीच हवी, नळ्या-वायरींसाठी आणि वाऱ्यासाठी.

फळ्यांची उंची साडेएकोणतीस इंच. जमिनीपासून १ इंच सोडायचा, म्हणजे लादी पुसताना पोछा खालून निसटून जातो आणि फळी कोरडी राहते. वर अर्धा इंच जास्त घ्यायचा, त्याआड थर्मोकोलची पांढरी कड लपते. कुशीच्या फळ्या १२ इंच रुंद. समोरची फळी २४ इंच अधिक दोन्हीकडच्या फळ्यांची जाडी. १२ मिलिमीटर प्लाय घेतला तर २५ इंच. सगळी मिळून जेमतेम १० चौरस फूट. ८ बाय ४ च्या अख्ख्या शीटचे ३२ चौरस फूट होतात, तेव्हा शीट घेण्याची गरज नाही. प्लायच्या दुकानात कटपीस मागा; बहुतेक जण मापाने कापूनही देतात. आपल्या घरगुती करवतीपेक्षा त्यांच्या मशीनची धार सरळ असते हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

प्लाय घेताना त्यावरचा आयएसआयचा शिक्का बघावा. आयएस ३०३ हा नेहमीच्या वापराचा, तर आयएस ७१० हा मरीन प्लायचा क्रमांक. फरक मुख्यतः थर चिकटवणाऱ्या गोंदाचा. साध्या ओलसहन प्लायमधला युरियाचा गोंद पाण्यात टिकत नाही. मरीनमधला फिनॉलचा गोंद उकळत्या पाण्याच्या कसोटीतही तग धरतो. आपल्या अंगरख्याला १० फूटच लागणार असल्याने मरीन घेणं परवडतं. कुठलाही प्लाय असो, पाणी पितो तो कडेने, पाठीपोटाने नव्हे. म्हणून चारही कडांना, विशेषतः खालच्या कडेला, रंगाचे दोन हात किंवा पीव्हीसीची पट्टी हवीच.

वर सनमायका लावायचा असेल तर सुतार मंडळींची एक खूण लक्षात ठेवावी. फक्त बाहेरून लावलेली फळी काही महिन्यांत धनुष्यासारखी वाकते, कारण एक बाजू हवेतली ओल घेते-सोडते आणि दुसरी घेत नाही. आतूनही साधा पांढरा सनमायका लावला की दोन्ही बाजूंची ओढाताण बरोबरीत सुटते. शिवाय पांढऱ्या आतल्या भागात पडलेली वस्तू लगेच दिसते, हा वरचा फायदा.

तीन फळ्या आतून लोखंडी एल पट्ट्यांनी जोडल्या की समोरून सरकवता येणारं एक उभं नालाकृती खोकं तयार होतं. कुशीच्या फळ्यांना खाली एक इंची नायलॉनचे बूट बसवायचे. खोक्याचं सगळं वजन, साधारण सात-आठ किलो, त्या बुटांवर जातं, टाकीच्या स्टँडवर रतीभरही नाही. मग ते जागेवर राहतं कसं? लोहचुंबकाने. फळ्यांच्या आतल्या बाजूला वरती कपाटाच्या दाराला असतात तसली चार चुंबकं बसवली की समोर अँगल तयारच आहे, एकही भोक न पाडता. इथे एक बारकावा आहे. चुंबक सरळ ओढीला चिवट असतं, पण पृष्ठभागावरून खाली घसरवायला गेलात तर लवकर हार मानतं. म्हणून चुंबकावर फळी टांगायची नाही. वजन बुटांनी घ्यायचं आणि चुंबकाने फक्त हात धरून ठेवायचा.

ज्यांना रोज उघडावं लागतं ती माणसं समोरच्या फळीत दोन दारं काढून घेतात. मला महिन्यातून एकदाच आत जावं लागतं, तेव्हा मी आख्खा अंगरखाच पुढे ओढतो.

रंग कोणता?

घरी शौकाने मासे पाळायचं वेड इंग्लंडमध्ये पसरलं ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. लंडनच्या प्राणीसंग्रहालयात १८५३ मध्ये मत्स्यालय उघडलं आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं 'द अक्वेरियम' हे पुस्तक आलं. त्या काळच्या दिवाणखान्यांतल्या टाक्या ओतीव लोखंडाच्या नक्षीदार चौकटींत बसवलेल्या असत. आपल्याकडेही सिलिकॉन येण्यापूर्वी काच अँगलच्या चौकटीत लांबीने बसवायचे. जुन्या घरांत अशी एखादी टाकी अजून माळ्यावर सापडते. सिलिकॉनने काचेला काच थेट जोडता येऊ लागली, चौकट गळून पडली, आणि नजर पाण्यावर स्थिरावली. जपानच्या ताकाशी अमानो यांनी (१९५४–२०१५) ही दृष्टी टोकाला नेली. बिनचौकटीची काच, आत निसर्गदृश्यासारखी मांडलेली पाणवनस्पतींची बाग, आणि खाली एकरंगी, बिननक्षीचं कपाट. त्यांच्या टाकीखालचा स्टँड कसा होता हे कुणाच्या लक्षातही राहत नाही, आणि तेच त्याचं यश.

मला पहिल्यांदा वारली चित्रं काढायचा मोह झाला होता. गेरूच्या रंगावर पांढरे मासे, जाळं टाकणारी माणसं. कागदावर काढून टाकीखाली चिकटवून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. चित्र सुंदर होतं, पण डोळा सारखा खाली जायचा. पैठणीचं अंग भरगच्च बुट्ट्यांनी भरून टाकलं तर पदराकडे कोण बघेल? टाकी हा पदर आहे. स्टँडने अंग व्हावं, शांत आणि एकरंगी.

काळा मॅट रंग सर्वांत देखणा, टाकी हवेत तरंगल्यासारखी भासते. पण बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर सांडलेला प्रत्येक थेंब वाळून क्षारांचा पांढरा ओघळ सोडतो आणि काळ्यावर तो ठळक दिसतो. पांढऱ्यावर शेवाळाचे हिरवट डाग दिसतात. मधला मार्ग म्हणजे सागवानी किंवा अक्रोडी छटेचा, बारीक रेषांचा सनमायका. दोन्ही पापं त्यात पोटात घातली जातात. क्षारांचा डाग व्हिनेगरच्या फडक्याने निघतो; फक्त ते फडकं टाकीच्या पाण्यापर्यंत जाऊ देऊ नये. आणखी एक युक्ती, टाकीच्या मागच्या काचेला बाहेरून त्याच छटेचा किंवा काळा कागद लावा. मागची भिंत आणि वायरी नाहीशा होतात. शिवाय बरेच मासे भोवतालच्या उजेडाप्रमाणे अंगातले रंगकण पसरवतात किंवा आकसतात. फिकट पार्श्वभूमीवर फिके पडणारे मासे गडद पार्श्वभूमीवर खुलतात.

आतलं घर

झाकलं म्हणजे विसरलं, असं होऊ नये. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवायचा नाही, भिंतीवर उंचावर बसवायचा. टाकीतून येणारी प्रत्येक वायर आधी बोर्डाच्या खाली झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. त्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा.

हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या खाली असेल तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलट खाली येऊ शकतं. प्लास्टिकचा छोटा एकदिशा व्हॉल्व्ह नळीत बसवला की ते थांबतं. शिवाय बंद खोक्यात पंपाची गुणगुण वाढते. तंबोऱ्याचा भोपळा तारेचा आवाज मोठा करतो तसाच आपला प्लायही. पंप स्पंजच्या जाड तुकड्यावर ठेवला, फळीला टेकू दिला नाही, की घर शांत होतं.

अंगरखा आता चौथ्या पावसाळ्यात आहे. महिन्यातून एकदा मी तो पुढे ओढतो. चुंबकं एकेक करत 'टक् टक्' सोडतात, आणि अँगल पूर्वीसारखा उघडा होतो. बेचकीत ओल असली तर पुसतो, रंग सुटलेला दिसला तर तिथेच पेपर मारून ब्रश फिरवतो. दोन मिनिटांत परत 'टक्'. साडीच्या पडद्याने जे लपवलं आणि स्क्रूच्या फळ्यांनी जे कोंडलं, ते आता दर महिन्याला नजरेखालून जातं.

खोकं पहिल्यांदा बसवलं त्यानंतर दिवाळीला आई आली. चहा घेऊन नेहमीच्या जागी बसली. मी कौतुकाची वाट पाहत होतो. ती बराच वेळ टाकीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हा केशरी मासा नवीन आणलास का रे?"

तो मासा साडीच्या पडद्याच्याही आधीपासूनचा होता.